झॅक ईडी पर्ड्यू सोडून का गेला नाही, आणि मी दर वेळी त्याचंच नाव का घेतो

प्रश्न असा आलाय: "सर, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, उंची सहा फूट दोन, पुण्यात एका क्लबमधे बास्केटबॉल खेळतो. कोच त्याला मॅचमधे सात-आठ मिनिटं पण उतरवत नाहीत, म्हणून तो दुसरा क्लब बघायचं म्हणतोय. तुम्ही दर वेळी त्या पर्ड्यूच्या ईडीचं उदाहरण देता, पण तो तर एनबीएमधे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधे, कोणी वर घेत नव्हतं म्हणून राहिला ना? मग त्यात निष्ठा कसली?"

प्रश्न चांगला आहे आणि थोडा खोचक पण आहे, म्हणून सावकाश लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी कबुली. मी तटस्थ माणूस नाही. १९९२ साली नागपूरहून इंजिनिअरिंग करून एमएसला अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात गेलो, इंडियाना राज्यातलं वेस्ट लाफायेट, आजूबाजूला मक्याची शेतं, थंडी अशी की नाकातलं पाणी गोठतं. कॉलेजकडून खेळलो होतो त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मॅकी अरीना, म्हणजे तिथलं बास्केटबॉलचं स्टेडियम, शोधून काढलं. चौदा हजारांवर माणसं मावतात, छत बुटकं आणि घुमटासारखं, आवाज वर जाऊन परत डोक्यावरच आदळतो. त्या काळी आमच्याकडे ग्लेन रॉबिन्सन होता, लोक त्याला बिग डॉग म्हणायचे. १९९३-९४च्या सीझनला त्याने मॅचमागे ३०.३ पॉइंट काढले, कॅन्ससविरुद्ध एका मॅचमधे ४४, मग पुढच्याच मॅचला ड्यूककडून आम्ही हरलो आणि तो गेला. एनबीए ड्राफ्टमधे, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला नंबर, दहा वर्षांचा ६८ दशलक्ष डॉलरचा करार. आता सांगा, त्याला बेईमान म्हणायचं का? मी तर कधीच म्हटलं नाही. गरिबीतून वर आलेल्या पोराच्या ताटात एवढं वाढलेलं असताना त्याला "थांब रे बाबा, आमच्या कॉलेजासाठी" असं कोणत्या तोंडाने सांगणार.

हे आधी सांगितलं कारण निष्ठा या शब्दाचं आपल्याकडे फार लवकर देवघर होतं. जो राहिला तो थोर, जो गेला तो गद्दार. खेळात असं चालत नाही. ईडी मला आवडतो तो नुसता राहिला म्हणून आवडत नाही. तो कुठल्या दिवसानंतर राहिला आणि राहून त्याने काय केलं, ते बघा, मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडेल.

झॅक ईडी टोरांटोचा. २००२चा जन्म, सात फूट चार इंच, वजन १३६ किलोच्या आसपास. लहानपणी खेळायचा काय तर आइस हॉकी आणि बेसबॉल. कॅनडातला पोरगा, दुसरं काय खेळणार. बास्केटबॉल त्याने नीट हातात घेतला तोच दहावीच्या वयात, म्हणजे तुमचा मुलगा आज जेवढा आहे जवळपास तेवढा असताना, आणि तुमच्या मुलाचे त्याआधी क्लबमधे तीन-चार सीझन झाले असतील. मग फ्लोरिडातल्या एका क्रीडा अकादमीत गेला, तिथेही पहिल्या टीममधे लगेच नाही. अमेरिकेत शाळेतल्या पोरांच्या याद्या निघतात, देशात कोण कितवा, त्या यादीत हा चारशेच्याही खाली. मोठमोठ्या कॉलेजांनी बघितलं आणि पान उलटलं. उंच आहे पण हळू आहे, आजचा बास्केटबॉल बाहेरून थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा लांबचा शॉट, मारणाऱ्यांचा, असल्या ताडमाड पोरांचं काम काय, असा तेव्हाचा सूर होता.

पर्ड्यूचा कोच मॅट पेंटर मात्र उंच पोरांचा शौकीन. त्याच्याकडे हॅमन्स, हास, हार्म्स अशी सात फुटी रांगच होऊन गेलीय. आणि गंमत बघा, २०२०मधे यातला हार्म्स, सात फूट तीन इंच, शेवटचं वर्ष खेळायला आमचं कॉलेज सोडून युटातल्या ब्रिगहॅम यंगला गेला आणि सेंटरची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच माणसाची, जागा मोकळी झाली, त्याच वर्षी ईडी आला. म्हणजे ज्याला आम्ही निष्ठेचा पुतळा करून ठेवलाय त्याची जागा दुसऱ्या कोणाच्या जाण्याने रिकामी झाली होती. हे विसरू नका, पुढे परत लागेल.

पहिल्या वर्षी ईडीला सरासरी किती वेळ मिळाला? पंधरा मिनिटं पण नाही. कॉलेजची मॅच ४० मिनिटांची असते. पॉइंट ८.७. दुसऱ्या वर्षी १९ मिनिटं, पॉइंट १४.४. नीट बघा हे आकडे. १९ मिनिटांत १४ पॉइंट काढणारा पोरगा कुठल्याही दुसऱ्या कॉलेजात डोळे झाकून पूर्ण वेळ खेळला असता. पण त्याच टीममधे ट्रेव्हियन विल्यम्स नावाचा सीनियर होता, फार हुशार, पोस्टमधून, म्हणजे रिंगजवळून, पास असे काढायचा की बघत राहावं, त्यामुळे पेंटर दोघांना अर्धं अर्धं वाटून द्यायचा. एक दमला की दुसरा.

आणि काळ कोणता होता? २०१८च्या ऑक्टोबरपासून ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं होतं, म्हणजे ज्याला कॉलेज बदलायचंय त्याने एका यादीत नाव टाकायचं, बाकीचे कोच फोन करणार. २०२१पासून तर एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसायची अट गेली. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता यायला लागले. हे दोन नळ एकदम उघडल्यावर काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता, आपल्याकडे निवडणुकीआधी पक्ष बदलतात ना तसंच दर एप्रिलमधे तिथे चालतं. अशा वेळी १९ मिनिटं खेळणाऱ्या सात फूट चार इंचाच्या पोराने बॅग भरली असती तर कोणी ब्र काढला नसता. तो राहिला. विल्यम्स गेला, २०२२च्या ड्राफ्टमधे आमचाच जेडन आयव्ही पाचव्या नंबरवर डेट्रॉइटला गेला, आणि ईडीच्या हातात टीम आली.

इथे कोच म्हणून थोडं थांबतो कारण हे बाहेरून दिसत नाही. पोस्टवर खेळणारा मोठा माणूस एकटा काहीच करू शकत नाही. गार्ड स्वतः बॉल आणतो, स्वतः ड्रिबल करतो, स्वतः मारतो. मोठ्या माणसाला बॉल कोणीतरी आणून द्यावा लागतो, आणि तोही अर्ध्या सेकंदाच्या खिडकीत. ईडी काय करायचा, आपल्या डिफेंडरला पाठीवर घेऊन रिंगच्या जवळ जागा अडवायचा, त्याला सील म्हणतात, कंबर खाली, पाय रुंद, हात वर. ती जागा एक श्वासभर त्याची असते. तेवढ्यात पास आला तर बास्केट किंवा फाउल, नाही आला तर रेफरी तीन सेकंद मोजतोय, बाहेर ये, परत पहिल्यापासून. पास कुठल्या उंचीवर पाहिजे, डाव्या हाताकडे की उजव्या, बाउन्स की वरून, हे गार्डला डोळे मिटूनही कळायला एकत्र दोन सीझन तरी जातात. त्यामुळे मोठ्या माणसाने दर वर्षी टीम बदलणं म्हणजे दर वर्षी नवीन माणसांना आपली भाषा शिकवणं. मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवतोय, उंच पोरांचं नुकसान कोचच्या शिव्यांनी जेवढं होतं त्याच्यापेक्षा जास्त जागा बदलण्याने झालेलं बघितलंय. मी स्वतः त्यातलाच, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी "तिकडे पहिल्या पाचात घेतो" म्हणून एका कॉलेजने बोलावलं, गेलो, आणि त्यांनी माझ्याच उंचीचे अजून दोघं बोलावले होते. वर्षभर टॉवेल सांभाळला.

असो. २०२२-२३. ईडीचे मॅचमागे २२.३ पॉइंट, १२.९ रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं), देशातल्या कॉलेजांमधला सर्वोत्तम खेळाडू, बिग टेन म्हणजे आमचा कॉलेजांचा गट, त्याची लीग पण आमची आणि टूर्नामेंट पण आमची, आणि मार्चच्या मोठ्या टूर्नामेंटमधे आम्ही पहिल्या मानांकनावर. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्च मॅडनेस म्हणजे ६८ टीम, एक मॅच हरलात की घरी. चार भाग, प्रत्येक भागात एक ते सोळा मानांकन, पहिल्याची मॅच सोळाव्याशी. पुरुषांमधे तोपर्यंत पहिला सोळाव्याकडून हरला होता एकदाच, २०१८ला व्हर्जिनिया.

१७ मार्च २०२३, कोलंबस, ओहायो. आपल्याकडे १८ची पहाट. समोर फेअर्ली डिकिन्सन नावाचं न्यू जर्सीतलं छोटं कॉलेज, देशातली सगळ्यात बुटकी टीम. ते स्वतःच्या लीगची फायनल पण हरले होते, जिंकणारी टीम नियमाने अपात्र होती म्हणून हे आले. मी मोबाईल उशीला टेकवून बघत होतो, बायको म्हणाली आवाज बंद कर, मी म्हटलं दहा मिनिटांत संपेल ही मॅच. हरलो. ६३-५८. ईडीला ते एकाने पुढून, एकाने मागून असे वेढून बसले, आणि आमच्या गार्डांनी बाहेरून २६ थ्री मारले त्यातले गेले ५. दोघं मेन गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाची पोरं, हात थरथरत होते हे स्क्रीनवर दिसत होतं. ईडीचे २१ पॉइंट, १५ रिबाउंड, पण सगळ्या मॅचमधे शॉट मिळाले अकरा. शेवटची कितीतरी मिनिटं तो हात वर करून उभा आणि बॉल येतच नाही. एवढा उंच माणूस मी एवढा एकटा कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून जी थट्टा सुरू झाली ती विचारू नका. सात फूट चार इंच असून बुटक्यांकडून हरला. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून हरलो होतो, त्याच्या आदल्या वर्षी तेराव्या नॉर्थ टेक्ससकडून. म्हणजे ईडीच्या खात्यात तीन वर्षं आणि तीन नामुष्क्या. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, ज्यात अर्धे मराठी आहेत, एकाने लिहिलं की आता हा पोरगा परत या गावात पाय ठेवणार नाही. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता तुमचा मुद्दा, एनबीएत कोणी वर घेत नव्हतं. बरोबर आहे. त्याने ड्राफ्टला नाव दिलं होतं, टीमसमोर जाऊन खेळून दाखवलं, आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी, ३१ मे २०२३ला, नाव मागे घेतलं. तेव्हा तो पहिल्या फेरीत जाईल अशी खात्री कोणी देत नव्हतं. म्हणजे हिशोब होताच, मी तो लपवत नाही. पण तुम्ही समजताय तसे त्याच्यापुढे दोनच रस्ते नव्हते. तिसरा रस्ता होता, पोर्टल. देशातला सर्वोत्तम खेळाडू पोर्टलमधे उतरला असता तर पैशाच्या थैल्या घेऊन रांग लागली असती.

आणि इथे एक गोष्ट अशी आहे की ती आपल्या लोकांना अमेरिकनांपेक्षा लवकर समजेल. ईडी कॅनेडियन, त्यामुळे तिथे तो आमच्यासारखाच विद्यार्थी व्हिसाच्या नियमात, एफ-वन. आम्ही पर्ड्यूला हॉस्टेलच्या मेसमधे ताटं विसळायचो तेव्हा आठवड्याला वीस तासांच्या वर एक मिनिट पण नाही आणि कॅम्पसबाहेर काम तर बिलकूल नाही, ती भीती आजही एमएसला गेलेल्या प्रत्येक मराठी पोराच्या पोटात असते. तोच नियम देशातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही. शेजारी बसणारा अमेरिकन सब्स्टिट्यूट गाडीच्या शोरूमची जाहिरात करून पैसे घेऊ शकतो, आणि ज्याचं तोंड सगळ्या देशाला माहीत तो अमेरिकेत राहून जाहिरातीचं तसं काम करू शकत नाही. प्रोफेशनल झाला असता, युरोपात कुठे गेला असता, तरी नियमित पगार सुरू झाला असता. तरी तो परत आला, ज्या गार्डांनी त्याला बॉल दिला नव्हता त्यांच्याकडेच परत आला, आणि ज्या नामुष्कीचा उल्लेख प्रत्येक बाहेरच्या मैदानावर प्रेक्षक पोस्टर धरून करणार होते ती अंगावर घेऊन आला.

मधल्या उन्हाळ्यात कॅनडाच्या टीमबरोबर वर्ल्ड कपला गेला, खेळायला फार मिळालं नाही, पण कॅनडाने अमेरिकेला हरवून ब्राँझ घेतलं. डिसेंबरमधे पर्ड्यूने एक मॅच मुद्दाम टोरांटोत ठेवली, अलाबामाविरुद्ध, घरच्यांसमोर ३५ पॉइंट.

राहिल्यामुळे काय बदललं ते बघा. स्मिथ आणि लॉयर आता दुसऱ्या वर्षाचे. स्मिथला आता ईडीची खांद्याची हालचाल बघून कळत होतं की पास कुठे टाकायचा. दोघांनी मिळून ईडीला घेरलं की तो घाबरून बॉल खाली आणायचा नाही, डोक्यावर धरून शांत उभा राहायचा आणि कोपऱ्यात मोकळा माणूस शोधायचा. बाहेरून थ्री पडायला लागले, सीझनभर चाळीस टक्क्यांच्या वर. आणि हो, लान्स जोन्स. हा सदर्न इलिनॉयहून चार वर्षं खेळून पोर्टलमधून आला, आडदांड डिफेन्स, बिनधास्त शॉट, आमच्या भित्र्या टीमला त्याने थोडा माज दिला. त्याच्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. म्हणून मघाशी म्हटलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांना शिव्या घालून निष्ठेची आरती करू नका. हार्म्स गेला म्हणून ईडी आला, जोन्स आला म्हणून ईडीचं राहणं फळलं.

ईडीचा चौथा सीझन: २५.२ पॉइंट, १२.२ रिबाउंड, परत देशातला सर्वोत्तम. लागोपाठ दोनदा हा मान मिळवणारा तो राल्फ सॅम्पसननंतरचा पहिला, म्हणजे १९८३नंतरचा. सॅम्पसनही सात फूट चार, तोही चारही वर्षं एकाच कॉलेजात, व्हर्जिनियात. आणि २०१८ला सोळाव्याकडून हरणारं तेच व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी चॅम्पियन झालं. आमच्या ग्रुपवर ही गोष्ट वर्षभर जपमाळेसारखी फिरत होती.

कॉलेजचा आमचा सगळ्यात जास्त पॉइंटचा रेकॉर्ड रिक माउंटचा, २,३२३, तो १९७०पासून तसाच होता. ईडी २,५१६वर जाऊन थांबला. आता कोच म्हणून प्रामाणिकपणे सांगायचं तर तुलना सरळ नाही, माउंटच्या काळी पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य टीममधून खेळू देत नसत आणि थ्री पॉइंटची रेघच नव्हती, लांबून मारला तरी दोनच. माउंटला आजची रेघ दिली असती तर काय झालं असतं यावर मी रात्रभर वाद घालू शकतो. रिबाउंडचा रेकॉर्ड मात्र ईडीने फोडला त्यात वादच नाही.

मार्च २०२४. पहिल्या मॅचला समोर परत सोळावी टीम, ग्रॅम्बलिंग स्टेट, आणि माझ्या पोटात गोळा. ईडीचे ३० पॉइंट, २१ रिबाउंड, ७८-५०. मग युटा स्टेटला १०६ ठोकले. मग गोंझागा. मग डेट्रॉइटला टेनेसी, फायनल फोरमधे, म्हणजे शेवटच्या चारात, जायची मॅच. पर्ड्यू शेवटचं तिथे पोचलं होतं १९८०ला. ग्लेन रॉबिन्सनला जमलं नाही ते, त्याच्यानंतर कोणालाच जमलं नाही.

ही मॅच आपल्याकडे रविवारी मध्यरात्री होती. टेनेसीचा डाल्टन कनेक्ट पेटला होता, त्याने ३७ काढले, कुठूनही मारतोय. ईडीने ४०. सोळा रिबाउंड. पण माझ्या डोळ्यासमोर राहिलाय तो शेवटचा ब्लॉक. मॅच संपत आलेली, कनेक्ट रिंगकडे घुसला, आणि तीस-पस्तीस मिनिटं धक्के खाऊन दमलेला १३६ किलोचा माणूस वेळेवर सरकला आणि त्याचा शॉट अडवला. हे जे सरकणं आहे ना, हे पहिल्या वर्षी त्याच्याकडे नव्हतं, पायच हलायचे नाहीत. लोक म्हणतात उंच आहे म्हणून जमतं, रेफरी फाउल देतात म्हणून जमतं. अहो, सात फुटी माणसं दर वर्षी डझनाने येतात कॉलेजात, दुसऱ्या हाफमधे गुडघ्यावर हात ठेवून उभी असतात. एवढं वजन घेऊन मॅचमागे ३२ मिनिटं पळायची म्हणजे काय खायचं, किती झोपायचं, किती घाम गाळायचा याचा विचार करा. ७२-६६, जिंकलो. मी दोन वाजता स्वयंपाकघरात जाऊन एकटाच श्रीखंड खाल्लं.

सेमीफायनलला नॉर्थ कॅरोलायना स्टेट, ती मॅच काही सुंदर नव्हती, जिंकलो एवढं पुरे. आणि फायनल. ८ एप्रिलची रात्र ॲरिझोनात, आपल्याकडे ९ एप्रिल, सकाळी पावणेसात-सात. तारीख आठवतेय? गुढीपाडवा. घरात मी सगळ्यात उंच म्हणून गुढी दर वर्षी माझ्याच हातून बांधली जाते, आणि मी हॉलमधे पर्ड्यूचा जुना काळा टी-शर्ट घालून बसलेलो, आतून हाका, "मुहूर्त जाईल हो." मी म्हटलं पंचावन्न वर्षांनी फायनल आलीय, मुहूर्त थांबेल. १९६९ला पर्ड्यू फायनलमधे हरलं होतं ते यूसीएलएकडून, आणि यूसीएलएचा कोच कोण तर जॉन वुडन, जो स्वतः पर्ड्यूचा खेळाडू. आमच्या नशिबात असलेच विनोद असतात.

समोर यूकॉन, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठ, आदल्या वर्षीचे चॅम्पियन. त्यांच्या कोचने काय केलं ते शिकण्यासारखं आहे. सगळ्यांनी वर्षभर ईडीला दोघांनी घेरलं आणि बाहेरचे शॉट खाल्ले. यूकॉनने घेरलंच नाही. डोनोव्हन क्लिंगन, सात फूट दोन, त्याला एकट्याला अंगावर सोडला, आणि बाकीचे चौघं आमच्या शूटरना चिकटून राहिले, एक इंच सोडलं नाही. ईडी काढू दे किती काढायचे ते. त्याने ३७ काढले. पण टीमने सगळ्या मॅचमधे थ्री मारले फक्त सात, गेला एक. ७५-६०. हरलो. ईडी शेवटी बेंचवर आला तेव्हा मी टीव्ही बंद केला नाही, मुद्दाम बघितलं. चेहरा पडलेला, पण मान खाली नव्हती. मग उठलो, गुढी बांधली, जरा तिरकी बसली त्या वर्षी.

म्हणजे गोष्टीचा शेवट विजयाने झाला नाही. आमच्याकडे राहणाऱ्यांचं तसंच होतं बहुतेक. रॉबी हमेल म्हणून होता, इंडियानाचाच पोरगा, फेब्रुवारी २०१०मधे टीम फॉर्मात असताना त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. त्याचे दोन जोडीदार, इट्वान मूर आणि जजुआन जॉन्सन, चौथ्या वर्षासाठी परत आले, आणि ऑक्टोबरमधे सीझनच्या पहिल्याच अधिकृत प्रॅक्टिसला हमेलचा तोच गुडघा परत गेला. तो वर्षभर बाहेर बसला आणि पाचव्या वर्षी परत येऊन खेळला. पेंटरलाही २०११मधे मिझुरीने बोलावलं होतं, तो गेला नाही. तोच जर घर बदलत राहिला असता तर पोरांना "थांब" म्हणायला त्याची जीभ कुठून उचलली असती? पोरं कोचकडे बघून शिकतात, हे तुमच्या मुलाच्या कोचलाही लागू आहे.

ईडीचं पुढे काय झालं तर ज्याला २०२३ला पहिल्या फेरीची खात्री मिळत नव्हती त्याला जून २०२४ला एनबीएतल्या मेम्फिसने नवव्या नंबरवर घेतलं आणि पहिल्याच सीझनला तो नवोदितांच्या पहिल्या टीममधे आला. त्यामुळे तुमचा खोचक प्रश्न अर्धा मान्य. राहण्यात त्याचा फायदा होता. पण तो फायदा वर्षभर आधी कागदावर कोणी लिहून दिला नव्हता, आणि परत पहिल्याच मॅचला हरला असता तर जन्मभर तेवढंच चिकटलं असतं.

आता तुमच्या मुलाचं. सात-आठ मिनिटं मिळतात हे मला अजिबात धक्कादायक वाटत नाही, ईडीला ४० मिनिटांच्या मॅचमधे पंधरा मिळत नव्हती. मला विचारायचंय ते असं की त्या मिनिटांत तो काय करतो आणि प्रॅक्टिसमधे कोच त्याच्याशी बोलतो का. ईडीला कमी खेळवलं पण त्याच्या पायांवर, हातांवर रोज काम चालू होतं, एक मोठा माणूस पुढे होता आणि याची पाळी येणार हे त्याला माहीत होतं. तुमच्या क्लबमधे कोच त्याला नुसतं "उंच आहेस, रिंगखाली उभा राहा" एवढंच सांगत असेल आणि गेल्या सहा महिन्यांत एकही नवीन गोष्ट शिकवली नसेल, तर बदला क्लब, मी स्वतः दोन नावं देतो. पण काम करून घेतात आणि फक्त मॅचमधे बसवतात, तर थांबवा त्याला. आणि क्लब बदलण्याआधी मुलानेच, तुम्ही नाही, मुलानेच कोचकडे जाऊन विचारायचं की सर, मी काय केलं तर मला पंधरा मिनिटं मिळतील. पालक भांडायला गेले की कोच बचावात जातो, पोरगा विचारायला गेला की बहुतेक जण सांगतात.

मधल्या काळात घरी एक करा. मिकन ड्रिल, रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या, बॉल खांद्याच्या खाली आणायचा नाही, न थांबता. रोज दोन्ही हातांचे मिळून शंभर. कंटाळवाणं आहे, पोरं तिसऱ्या दिवशी सोडतात. तुमच्याने सोडलं नाही तर पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी साडेसहाला माझ्या कोर्टवर पाठवा. बूट मात्र बघून द्या, सोल घासलेले असतील तर मी कोर्टवर घेत नाही.